तिसगावची भरती-ओहोटी

आमच्या शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज तीन गोष्टी लिहितात. वार-तारीख, सुविचार आणि भरती-ओहोटीच्या वेळा. शाळा अलिबागला किंवा मुरुडला असती तर ह्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण आमची शाळा आहे तिसगावला, नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात. इथून समुद्र गाठायचा तर एसटीत अख्खा दिवस मोडतो, आणि उन्हाळा लागला की प्यायचं पाणी टँकरने येतं. तरी फळ्यावर निळ्या खडूने रोज लिहिलेलं असतं, चौल बंदर, आज पूर्ण भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता. नवीन माणूस शाळेत आला की ते वाचतो, चष्मा पुसतो, पुन्हा वाचतो आणि हे कुणाचं खूळ म्हणून विचारतो. मग स्टाफरूममधले आम्ही सगळे एकदम बोलायला लागतो.

खूळ तांबोळी सरांचं. सर रिटायर झाले, खूळ शाळेतच राहिलं.

तांबोळी सर भूगोल शिकवायचे आणि इतिहासाचे तासही त्यांच्याकडेच होते, त्यामुळे दोन्ही विषयांची त्यांनी पार खिचडी करून टाकली होती. माणूस ठेंगणा, आवाज मात्र ग्राउंडच्या पलीकडे जाणारा. अंगात पांढरा हाफ शर्ट आणि त्या शर्टाच्या खिशावर कायमचा निळा डाग. शाळा पांढरे खडू देते. समुद्र पांढऱ्या खडूने काढणं सरांच्या जिवाला लागायचं, म्हणून निळे खडू ते स्वतः विकत आणायचे आणि खिशात बाळगायचे. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या डागापुढे केव्हाच हात टेकले होते.

मी साळवे, गणिताची बाई. राहायला नगरला, रोज अप-डाउन. ह्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये तांबोळी सरांनी मला चहा पुढे केला आणि कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं. नगरची, म्हटलं. तर म्हणाले, म्हणजे समुद्रकाठच्या. मला वाटलं ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. मी पुन्हा नगर म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे बशीत चहा ओतला आणि मग तो डायलॉग टाकला, जो पुढे मी शेकडो वेळा ऐकणार होते.

“मॅडम, आपला जिल्हा समुद्रकाठचाच हाय. समुद्र तेवढा जरा लांब हाय.”

मग त्यांनी मला त्यांचं सगळं शास्त्र ऐकवलं. नगरला निजामशाही होती तेव्हा चौलचं बंदर नगरचं. जंजिऱ्याचे सिद्दी नगरच्या दरबाराचे चाकर. अरबस्तानातली गलबतं चौलला लागायची, घोडे उतरायचे आणि घाट चढून थेट नगरला यायचे. तेव्हा आज ज्याला आपण रायगड जिल्हा म्हणतो तो किनारा म्हणजे आपलं परसदार. मधे काही शतकं गेली म्हणून परसदार कुणाचं होतं ते विसरायचं का? मी म्हटलं, सर, असं बघितलं तर दिल्लीसुद्धा समुद्रकाठची म्हणावी लागेल. दिल्लीचं दिल्लीवाले बघतील, म्हणाले, आणि तासाला निघून गेले.

पुस्तकात रायगड जिल्ह्याला जेमतेम चार ओळी असतील, सर त्यावर आठवडा काढायचे. उरणपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतचा किनारा फळ्यावर खडू न उचलता काढायचे. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, एकेक नदी घाटातून सोडत सोडत खाडीला नेऊन मिळवायचे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं पण परत यायला उशीर केला तर आत अडकतो माणूस, हे असं सांगायचे की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पाय वर उचलून बसायची. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका पोराला उभं केलं आणि तुमच्या जवळची नदी कोणती म्हणून विचारलं. पोरगं ठणठणीत आवाजात म्हणालं, कुंडलिका. साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. मुख्याध्यापक मात्र दोन दिवस सरांशी बोलत नव्हते.

फळ्यावरच्या भरतीचंही असंच. कोकणातले कोळी तिथीवरून भरतीची वेळ काढतात, तिथीची पाऊणपट करायची की झालं. आज दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, साडेसातला भरती पुरी. मी गणिताची बाई असल्यामुळे मला ते फार आवडलं, हे कबूल करते, पण सरांसमोर कधी बोलले नाही, नाहीतर त्यांनी मला कायमचं कामाला लावलं असतं. सुरुवातीला गावातली तरणी पोरं फळा वाचून पोलीस भरती कुठं निघालीय म्हणून विचारायला यायची. हळूहळू गावाला सवय झाली. मग तर टँकर वेशीतून आत आला की आयाबाया हंडे घेऊन पळता पळता ओरडायच्या, भरती आली गं, भरती आली. सरांना ते ऐकून इतका आनंद व्हायचा की मला कधी कधी त्यांची काळजी वाटायची.

आता शेळीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

घोडेगावचा जनावरांचा बाजार आमच्याकडे नावाजलेला. सरांचं ठाम मत की चौलला उतरलेले घोडे ह्याच गावात येऊन थांबायचे, म्हणून घोडेगाव. पुरावा काय म्हटलं की म्हणायचे, पुरावा शोधायचं काम पोरांचं, मी फक्त दिशा दाखवतो. तर एका बाजाराच्या दिवशी हे नववीच्या पोरांना दोन जीपमध्ये कोंबून पुरावा शोधायला घोडेगावला घेऊन गेले. पोरांनी म्हशींच्या व्यापाऱ्यांना चौल बंदराविषयी प्रश्न विचारले. व्यापाऱ्यांनी काय उत्तरं दिली असतील ती द्या सोडून. पण तिथे सरांना वाटलं की पोरांना जुनी पद्धत दाखवावी. म्हणजे बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली हात घालून बोटं दाबून करतात, शेजारच्याला पत्ता लागत नाही. सरांनी एका शेळीवाल्या म्हाताऱ्याचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि पोरांना समजावून सांगायला लागले की हे बोट दाबलं की एवढे, हे दाबलं की तेवढे. म्हातारा मान डोलावत होता. सरांचं शिकवून झालं, त्यांनी रुमाल काढला, आणि म्हाताऱ्याने शेळीचं दावं त्यांच्या हातात दिलं.

सौदा पुरा झाला होता. रुमालाखाली झालेला सौदा मोडला तर त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवता येत नाही, हे सरांनीच पोरांना पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. म्हातारं पण बिलंदर, म्हणे मास्तर, तुमीच शिकवलं की आत्ता. शेवटी शेळी जीपमध्ये पोरांच्या मांडीवर बसून तिसगावला आली. भाभींनी दार उघडलं, शेळीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. शेळीचं नाव सरांनी ठेवलं चौली. पुढची कैक वर्षं स्टाफरूमचा चहा चौलीच्या दुधाचा असायचा. मला तो वास सोसायचा नाही, पण सर इतक्या प्रेमाने आणायचे की नाक दाबून प्यायचे.

एवढं सगळं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की हा माणूस दर सुट्टीत कोकणात जाऊन बसत असेल. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी विचारलं, सर, तुम्हाला चौल जास्त आवडलं की मुरुड. तर हसले आणि म्हणाले, बघितलं न्हाई अजून. मुरुड न्हाई की चौल न्हाई, मला समुद्रच ठाऊक न्हाई. मी तडक भाभींना गाठलं. मग भाभींनी मला खरी गोष्ट सांगितली.

सर नोकरीला लागले त्या काळातली. शाळेची सहल अलिबागला ठरली. सहली डिसेंबरात निघतात, आणि आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा झाला की गाव सोडतात ते उन्हाळा लागल्यावरच परततात. पोरं आईबापाबरोबर फडावर. ज्यांचे आजी-आजोबा घरी आहेत ती राहतात, बाकीची जातात. सहलीच्या आदल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली तर निम्म्या नावांना उत्तरच नाही. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपली जागा दुसऱ्या शिक्षकाला दिली आणि घरी राहिले. उन्हाळ्यात फडावरची पोरं परत आली आणि त्यांनी विचारलं, सर, समुद्र कसा हुता? सर म्हणाले, मी गेलोच न्हाई. तुमच्यातलं शेवटचं पोरगं बघंल, त्याच्या मागनं मी बघीन.

बोलून गेले आणि अडकले. दरवर्षी मीटिंगमध्ये सहल एप्रिलात काढा म्हणून सांगायचे. एप्रिलात परीक्षा. मेमध्ये सुट्टी. जूनमध्ये पाऊस, समुद्र खवळलेला. दरवर्षी ठराव नापास, आणि दरवर्षी डिसेंबरात आमची सहल जायची, सर मागे राहायचे. भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेले तेव्हा सगळं वऱ्हाड चौपाटीवर गेलं आणि हे कुर्ल्याला खोलीत चादर घेऊन झोपले. परतताना गाडी समुद्राच्या कडेने निघाली, तर म्हणे ह्यांनी डोळे मिटले. भाभी सांगत होत्या, मॅडम, पोरासारखे डोळ्यांवर दोन्ही हात धरून बसले होते, ड्रायव्हर विचारत होता चाच्यांना चक्कर येतेय का. मी हसून हसून बेजार झाले. नंतर एसटीत बसल्यावर मात्र हसू कुठे गेलं ते कळलं नाही. इतकी वर्षं एखाद्या गोष्टीचा नाद करायचा आणि ती बघायची नाही, हे मला तरी जमलं नसतं.

त्यांचं शेवटचं वर्ष उजाडलं. मेमध्ये रिटायर होणार. म्हणजे हा डिसेंबर गेला की शाळेबरोबर जायचा प्रश्नच मिटला, आणि सर एकटे कधी जाणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दसरा झाला, टोळ्या गेल्या, वर्गात बाकं रिकामी पडली. सर गप्प गप्प राहायला लागले. मधल्या सुट्टीत महाराष्ट्राच्या नकाशापुढे उभे राहायचे, फोनवर कुणा कुणाशी बोलायचे आणि नकाशावर निळे ठिपके द्यायचे. मला वाटलं, म्हातारपण. मग एक दिवस माझ्या तासाला दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, पोरं सहलीला येत न्हाईत म्हणून मी इतकी वर्षं रडत बसलो. सहलच पोरांकडं न्यायची. फड वाटंवर हायेत की.”

खरोखरच होते. त्या वर्षी आमच्या शाळेची बहुतेक पोरं दोनच टोळ्यांत होती, आणि दोन्ही टोळ्या पुण्याच्या वाटेवरच्या एका शुगर फॅक्टरीला ऊस घालत होत्या. गाडी जराशी आत वळवायची, पोरं उचलायची, पुढे घाट उतरून चौल. येताना पुन्हा फडावर सोडायची. मी नकाशा पाहिला आणि मला स्वतःचा राग आला, इतकी सोपी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

मुख्याध्यापकांनी परवानगी, पालकांच्या सह्या, जबाबदारी, सगळं काढलं. सरांनी सगळं होय म्हटलं. टोळ्यांच्या मुकादमांना फोन करून आईबापांचं होय मिळवलं, एसटीच्या डेपोत जाऊन नवा रूट मंजूर करून आणला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, साळवे मॅडम बरोबर जात असतील तर जा. मला कुणी विचारलंच नाही. आमचा नाताळ तोंडावर आलेला, घरी करंज्यांचं सारण तसंच पडलेलं. मी सरांना चांगलं सुनावलं आणि बॅग भरायला घेतली.

सरांचा बेत असा होता. नवमीच्या दुपारी निघायचं, संध्याकाळी फडावरून पोरं घ्यायची आणि रात्रभर प्रवास करून दशमीच्या सकाळी साडेसातला, भरती पुरी असताना, चौलच्या किनाऱ्यावर उभं राहायचं. पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं पोरांना पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे. आमचे ड्रायव्हर खरात म्हणून, कटकटीत एक नंबर. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी अडकली की ते आरशातून सरांकडे बघायचे आणि सर खिडकीतून बाहेर बघायचे. फडावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे वाळल्या पाल्याच्या झोपड्या, चुली पेटलेल्या. गाडी थांबायच्या आत आमची पोरं धावत आली. सातवीतली कोमल सगळ्यात पुढे, काखेत तिची धाकटी बहीण. बहिणीला सगळे चिमी म्हणत होते, नुकतीच बोलायला लागलेली.

कोमलची आई मागून आली. दिवसभर ऊस तोडून आलेली, हातावर पाचटाचे ओरखडे. ती सरांच्या पुढे उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

“न्या की सर. पर रातीचं न्हाई. लेकी हायेत, सकाळी न्या. आन चिमीला बी न्यावं लागंल, दिवसा तिला कोमलच बघती, मला कोयता सुटत न्हाई.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी होते आणि त्यांच्या डोक्यात कोणतं गणित चाललंय ते मला माहीत होतं. सकाळी निघालो तर पोचायला दुपार, आणि दशमीच्या दुपारी चौलला ओहोटी. ज्यासाठी सगळा जन्म थांबले ते पाणी तेव्हा लांब निघून गेलेलं असणार. मला वाटलं आता ते समजूत घालतील. सर म्हणाले, बरोबर हाय तुमचं, सकाळी नेतो. आणि आम्ही जवळच्या गावातल्या मंदिरात मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याच्या घाटापर्यंत पोरांनी गाडी डोक्यावर घेतली. चिमीला गाडी लागली आणि ती माझ्याच साडीवर ओकली. घाट उतरल्यावर सर उठले आणि डोंगराकडच्या बाजूला जाऊन बसले. अलिबाग मागे पडलं तसे ते पायांकडे बघायला लागले. खरात आरशातून पाहत होते, त्यांनी मला खुणेने विचारलं, काय भानगड आहे. मी सांगितलं. त्यानंतर त्या माणसाने कटकट केली नाही.

चौलच्या पुढे रेवदंड्याला गाडी थांबली. जुन्या कोटाची भिंत, पलीकडे कोर्लईचा डोंगर, पुढे सुरूचं बन. सर खाली उतरले, सुरूच्या झाडाला टेकून समुद्राकडे पाठ करून उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, जावा, घोट्यापर्यंतच जायचं, त्याच्यापुढं पाऊल टाकलं तर माझ्याशी गाठ. पोरं ओरडत पळाली. आणि थोड्या वेळाने एकेक करून परत आली. पुढे होती काळी ओली वाळू आणि खूप लांबवर पाण्याची एक चमकती रेघ.

सरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, दिसला का. कोमल म्हणाली, लांब हाय सर. एवढ्या लांबनं तर पुस्तकात बी दिसतो.

मला फार वाईट वाटलं. सर ओहोटी शिकवायला लागले, चंद्राचं ओढणं वगैरे, पण आवाजात जोर नव्हता. कोमलने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हंजे पानी परत येनार हाय ना? सर म्हणाले, येणार, संध्याकाळपर्यंत. मग बसू की, ती म्हणाली, आणि दप्तरातून आपली पाण्याची बाटली काढली, पुढे गेली आणि जिथे वाळूवर पाण्याची जुनी ओली खूण होती तिथे ती बाटली ठेवून आली. तिच्यामागे दुसऱ्या पोराने ठेवली. मग तिसऱ्याने. बघता बघता सगळ्या बाटल्यांची ओळ लागली, ज्यांच्याकडे बाटली नव्हती त्यांनी चपला ठेवल्या. पोरांनी समुद्राला नंबर लावला होता, गावात टँकर यायचा असला की हंड्यांचा लावतात तसाच. आणि मग सगळी सुरूच्या सावलीत पाय पसरून बसली, अजिबात घाई नसलेली. पाण्याची वाट कशी बघायची हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

एक मासळीवाली टोपली घेऊन चालली होती. ती ओळ बघून थांबली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर पोट धरून हसली आणि जाता जाता सांगून गेली की बाटल्या वर घ्या, पाणी इथवर थांबायचं नाही.

दुपारी जंजिऱ्याला जायचं ठरलेलं होतं. त्या जंजिऱ्याविषयी सर नोकरीभर बोलत आले होते, बुरूज न् बुरूज त्यांना पाठ. मी आठवण केली, तर म्हणाले, तो उभाच हाय की एवढी वर्षं, जातोय कुठं. परतायची वेळ कागदावर चारची होती. खरात आले, म्हणाले चारला गाडी हलवायचं माझ्याकडून व्हायचं नाही, मला जरा डुलकी लागलीय, आणि गाडीत जाऊन पडले. सरांनी मुकादमाला फोन करून सांगितलं, रातीचं निघत न्हाई, हितंच मुक्काम करून पोरं सकाळी आणतो.

चिमी आईच्या आठवणीने रडायला लागली. कोमल दमली, मी दमले. शेवटी सरांनी तिला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटत थोपटत सुरूच्या झाडाखाली फेऱ्या मारायला लागले. फेऱ्या मारतानासुद्धा मान बनाकडेच. चिमी झोपली.

पाणी कधी हललं ते कळलंच नाही. ती चमकती रेघ जाड झाली, मग फेस दिसायला लागला, मग आवाज यायला लागला. पोरं उठून उभी राहिली, पण ओळीच्या पुढे कुणी जाईना. आणि ऊन कलल्यावर एक लाट सरळ येऊन पहिल्या बाटलीला लागली. बाटली आडवी झाली. दुसऱ्या लाटेला अख्खी ओळ तरंगायला लागली, चपला कुठल्या कुठे निघाल्या, आणि मग जो काय कल्ला झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. भरती आली म्हणून पोरं ओरडत होती. मी साडी खोचून पाण्याच्या कडेला उभी, एकाला मागे ओढतेय, दुसऱ्याला दरडावतेय, अरे घोट्यापर्यंतच, घोट्यापर्यंतच म्हणून माझा घसा बसला. पोरांनी फडावरच्या आईबापांसाठी बाटल्या भरून घेतल्या. कोमल नुसतीच उभी होती, पायाखालची वाळू सरकली की हसत होती.

मी मागे वळून पाहिलं, तर सर अजून पाठमोरेच.

मी तरातरा वर गेले. मला रागच आला होता. म्हटलं, सर, आता फिरा की. सगळ्या पोरांनी बघितलं, एक जण राहिला नाही.

“ही झोपलीय मॅडम अजून.”

मी म्हटलं, अहो, ती आपल्या शाळेतही नाही. तर म्हणाले, येईल की पाचवीला. आणि थोपटत राहिले. दिवस बुडायला टेकला होता. मला त्या माणसाचा राग येत होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं, आणि दोन्हीतलं काही दाखवायचं नव्हतं म्हणून मी नुसतीच त्यांच्याजवळ उभी राहिले. मागे पोरांचा गोंगाट, पुढे खरात गाडीच्या पायरीवर येऊन बसलेले.

मग एक मोठी लाट फुटली आणि चिमी दचकून उठली. सरांची पाठ समुद्राकडे, त्यामुळे खांद्यावरून तिचं तोंड नेमकं तिकडे. तिने डोळे चोळले, पुढे पाहिलं, आणि पाहतच राहिली. रडली नाही. तिने सरांच्या कानाजवळ हळूच सांगितलं, “पानी.” आणि जरा वेळाने, “लई पानी.”

तेव्हा सर फिरले.

मी तयारच होते, आता निजामशाही येणार, चौल येणार, गलबतं आणि घोडे येणार म्हणून. त्यांतलं काहीच आलं नाही. सर बघत राहिले. त्यांचा एक हात चिमीच्या पाठीवर होता, दुसरा आपोआप खिशाकडे गेला, त्या निळ्या डागावर. पुढे संध्याकाळचा समुद्र, चहासारखा गढूळ, वर पिवळा फेस.

“मॅडम,” ते म्हणाले, “ह्ये निळं न्हाई की.”

आणि एवढ्या मोठ्याने हसले की पोरांनी वळून पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. चपला काढल्या, चिमीला खांद्यावर जरा वर घेतलं आणि चालायला लागले. बाटल्यांची जागा ओलांडली, कोमलला ओलांडलं. मी मागून ओरडले, सर, घोट्यापर्यंतच. नियम त्यांनीच केला होता. पण त्यांनी ऐकलं नाही, ते तसेच पुढे गेले, गुडघ्यापर्यंत.